पाव म्हणजे किती?

पहाटे ५

उठल्या उठल्या देवाचं नाव घ्यावं असं घरचं वळण आहे. मी आधी पातेल्याचं झाकण काढतो. रात्री साडेनऊला कालवून ठेवलेलं पीठ आत दुपटीवर आलेलं असतं. वर बुडबुडे, किंचित आंबूस वास. कडेनं ओलं बोट घालून जरा ओढलं की खाली जाळी दिसते. जाळी दिसली की पुढचं सगळं सोपं.

मी शिक्षक. बदलीनं चारठाण्याला आलो. घर परभणीत आहे, बायकोची नोकरी तिथली, मुलाची बारावीही तिथलीच. रोज परभणी-जिंतूर-चारठाणा अप-डाऊन करून पाहिलं. महिनाभरात कंबर बोलायला लागली, तेव्हा इथं एका जुन्या वाड्यात दोन खोल्या घेतल्या. शनिवारी घरी जायचं आणि सोमवारी पहाटेच्या एसटीनं यायचं. मधल्या दिवसांच्या पोटाची सोय आपली आपण करायची. भाजी, वरण, भात या गोष्टी कुकरच्या भरवशावर होतात. अडतं ते पोळीपाशी. एकट्या माणसाला चार पोळ्यांसाठी कणीक भिजवा, लाटा, भाजा, ओटा पुसा, हे सकाळी नको वाटतं आणि रात्री तर अजिबातच नको वाटतं.

माझी अडचण ऐकून मुलानं मोबाईलवर एक रीत दाखवली: न मळता पाव. न्यूयॉर्कच्या सलिव्हन स्ट्रीट बेकरीच्या जिम लेहीची ही रीत. नोव्हेंबर २००६मध्ये मार्क बिटमननं ती ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छापली आणि ती जगभर गेली. तीन कप मैदा, पाव चमचा यीस्ट, मीठ, दीड कपाहून थोडं जास्त पाणी. चमच्यानं कालवायचं, बारा ते अठरा तास झाकून विसरून जायचं, मग चांगल्या तापलेल्या जाड भांड्यात झाकण ठेवून भाजायचं. मळायचं नाही. आळशी माणसाला यापेक्षा काय हवं?

गव्हात दोन प्रथिनं असतात, ग्लायडिन आणि ग्लुटेनिन. पाणी लागलं की ती एकमेकांना धरतात आणि चिवट जाळं बनतं. आपण मळतो म्हणजे ही ओळख हातानं घाईघाईत करून देतो. पीठ सैल असेल आणि वेळ भरपूर असेल, तर ती आपली आपण ओळख करून घेतात. यीस्टचे बुडबुडे आतून ताणत राहतात, म्हणजे मळायचं कामही आतल्या आतच होतं. माणसानं फक्त झोपायचं.

पण ही रीत ज्या स्वयंपाकघरात जन्मली, तिथलं खोलीचं तापमान असतं वीस-बावीस अंश. मी पहिला प्रयोग केला तो मे महिन्यात, चारठाण्यात, पत्र्याच्या खोलीत. अठरा तास सांगितलेत म्हणून अठरा तास ठेवलं. उघडलं तर पीठ नव्हतंच, आंबील होती. वास ताडीच्या अड्ड्यासारखा. खमिराला आठ-दहा अंश जास्त मिळाले की त्याचा वेग जवळपास दुप्पट होतो, हे विज्ञान मी सहावीला शिकवलेलं आहे. पातेल्यासमोर ते आठवलं नाही. घरमालकीण, जिला सगळं गाव मावशी म्हणतं आणि मीही म्हणतो, दारात येऊन वाकून म्हणाली, “गुरुजी, इडल्या करायलेत का?” मग तिनंच त्यात मूठभर बेसन, जिरं, मिरची घालून धिरडी घातली. चांगली झाली होती. मी चार खाल्ली आणि लाज गिळली.

आता माझा हिशेब असा आहे. हिवाळ्यात यीस्ट जरा जास्त, उन्हाळ्यात चिमूटभर, आणि एप्रिल-मेमध्ये पातेलं माठाशेजारी ओल्या पोत्याखाली. आत्ता मार्चचा पहिला आठवडा आहे, रात्री अजून चादर लागते. अर्धा छोटा चमचा यीस्टमध्ये पीठ साडेसात तास शहाण्यासारखं बसतं.

साडेपाच

निम्मा मैदा आणि निम्मा लोकवन गव्हाचा आटा घेतो. नुसत्या आट्याचा पाव वीट होतो. कोंड्याच्या धारदार कणांनी ते चिवट जाळं जागोजाग तुटतं. लोकवन म्हणजे लोक-१, गुजरातेतल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेतून आलेला गहू. इथल्या प्रत्येक गिरणीत हे नाव ऐकू येतं, पण ते माणसाचं नाव नसून संस्थेचं आहे हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं.

हात ओले करून पीठ पातेल्यातल्या पातेल्यात चारदा दुमडतो, सहा गोळे करतो आणि तेल लावलेल्या बिडाच्या कढईत एकमेकांना चिकटून ठेवतो. इथवर पाच मिनिटं जातात. गोळे पुन्हा फुगेपर्यंत पाऊण तास मोकळा. त्या पाऊण तासात मी मावशीच्या चुलीपुढं शिकाऊ म्हणून बसतो.

सहा

वाड्यात गॅस आहे. त्यावर चहा होतो, पोरांचं दूध तापतं. भाकर मात्र चुलीवरच. मावशी पऱ्हाट्यांनी चूल पेटवते आणि मग वर बाभळीचं लाकूड लावते, कारण पऱ्हाटीचा जाळ भडकतो आणि विझतो, निखारा धरून ठेवावा तो बाभळीनं. आधी आंघोळीचं पाणी, मग भाकरी, मग उरलेल्या आरावर वांगं किंवा मिरच्या भाजायच्या. एका जाळात चार कामं. हे कुणी तिला आखून दिलेलं नाही. सरपण विकत घ्यायला लागलं की आखणी आपोआप होते.

ज्वारीचं पीठ काठवटीत. मध्ये खळगा. त्यात खळखळतं पाणी.

“कोमट पान्यात ज्वारी ऐकत नाई, गुरुजी. पानी बोललं पाहिजे.”

मावशी जे ‘ऐकणं’ म्हणते त्यामागचं कारण असं. ज्वारीत गव्हासारखं जाळं बांधणारं प्रथिन नाही. कितीही मळा, कितीही वेळ ठेवा, ती चिवट होणार नाही. तिच्यात धरून ठेवणारी गोष्ट एकच, पिष्ट. उकळत्या पाण्यानं त्यातलं थोडं पिष्ट शिजून खळीसारखं होतं आणि तीच खळ बाकीच्या पिठाला बांधते. ती खळही फार वेळ टिकत नाही. म्हणून मावशी सगळं पीठ एकदम मळत नाही. एका भाकरीपुरतं ओढून घेते, तळहाताच्या गादीनं दोन-तीनदा जोरात रगडते, उंडा करते आणि लगेच थापायला घेते. मळून ठेवलेला उंडा दहा मिनिटांनी थापायला घेतला की कडा फाटतात.

इथं मला पहिल्यांदा लक्षात आलं की मी ज्याला ‘सोपं’ म्हणतो त्याच्या दोन जाती आहेत. गव्हाचं पीठ वाट पाहिल्यानं सुधारतं आणि ज्वारीचं वाट पाहिल्यानं बिघडतं. एकाला वेळ द्या, हात लावू नका. दुसऱ्याला हात द्या, वेळ लावू नका. माझ्याकडे रात्रीचे साडेसात तास पडून आहेत आणि हात तर नाहीच. मावशीकडे सकाळचा अर्धा तास आहे आणि पन्नास वर्षांचा हात आहे. तेव्हा ती माझ्या पावाला ‘केवढा कुटाणा’ म्हणते आणि मी तिच्या भाकरीला, यात दोघांचंही खरं आहे.

थापणं पाहत राहावं. काठवटीत कोरडं पीठ भुरभुरवायचं, उंडा ठेवायचा, उजव्या तळव्यानं थापायचं, डावा हात कडेला नुसता आधाराला. भाकर स्वतःच गोल फिरते. मला वाटायचं मावशी ती फिरवते. तसं नाही, तळवा जरा तिरका पडतो आणि खाली कोरडं पीठ असल्यामुळं भाकर त्या धक्क्यानं सरकत राहते. प्रत्येक थापेला थोडी. म्हणून ती सगळीकडं सारखी जाड होते. माझी फिरायची नाही. जिथं थापली तिथं पातळ, बाकीकडं जाड. माझी पहिली भाकर परभणी जिल्ह्याच्या नकाशासारखी झाली आणि दुसरी जर्मनीच्या. ‘जगात जर्मनी, देशात परभणी’ असं आमच्याकडं छाती फुगवून म्हणतात, त्याचा तव्यावरचा अर्थ हा. तिसरी उचलतानाच तुटली. तिला ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही निजामाच्या काळातली दुसरी म्हण बरोबर बसली.

तव्यावर टाकताना कोरड्या पिठाची बाजू वर येते. तिच्यावर लगेच ओला हात फिरवायचा, सगळीकडं, कडेपर्यंत. कोरडं राहिलेलं पीठ त्यानं बसतं, आणि पृष्ठभागावरचं पिष्ट शिजून एक पातळ पडदा तयार होतो. पाणी आटत आलं, पण पुरतं वाळलं नाही, त्या घडीला उलटायची. आधी उलटली तर चिकटते, उशीर झाला तर भेगा पडतात. ही घडी घड्याळात सापडत नाही. मी मोबाईलवर सेकंद मोजले होते, वहीत लिहिलेही होते. चुलीचा जाळ रोज वेगळा असल्यामुळं वहीचा उपयोग झाला नाही. मावशी रंगावरून ओळखते. ओल्या भाकरीचा राखाडी रंग फिका पडत येतो, तेव्हा.

दुसरी बाजू भाजली की तवा जरा मागं आणि भाकर चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यांसमोर उभी. आतल्या पाण्याची वाफ होते, पडदा तिला बाहेर जाऊ देत नाही, आणि भाकर टम्म फुगते. पदर सुटतो. कुठं बारीक भोक असलं तर तिथून फुस्स करून वाफ जाते. माझ्या भाकरीत ती हमखास जाते.

अकरा भाकरी. मी घड्याळ लावून पाहिलंय, अर्ध्या तासाला दोन-चार मिनिटं कमीच. एक तव्यावर, एक आरावर, एक हाताखाली. ना खमीर, ना तेल, ना मीठ. ज्वारी, पाणी, जाळ. जगात कमी वेळात, कमी सामानात होणाऱ्या ज्या काही भाकऱ्या-रोट्या असतील त्यांत हिचा नंबर फार वर लागावा, असं माझं मत आहे. पण त्या अर्ध्या तासाचं शिक्षण किती वर्षांचं, तो आकडा कुणी पाककृतीत लिहीत नाही. ‘लागणारा वेळ : ३० मिनिटे’ एवढंच लिहितात.

आज सातवी भाकर थापताना मावशी थांबली. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी डाव्या हातानं दाबलं, दोन श्वास घेतले आणि पुन्हा थापायला लागली. हे हल्ली वाढलंय. मी काही बोललो नाही. बोललो की ‘तुमी थापा मग’ असं ऐकावं लागतं.

पावणेसात

भाकरी संपल्या की चूल माझी. जाळ काढून नुसता आर पसरायचा, त्यावर कढई, कढईवर लोखंडी झाकण, झाकणावर फुंकणीनं सरकवलेले निखारे. खाली कमी, वर जास्त. खाली जास्त झाले की बूड करपतं, हे सहा पावांचं बलिदान दिल्यावर समजलं. नानकटाई अशीच भाजायचे आमच्या घरी, वाळूच्या घमेल्यात, वर निखाऱ्यांचं ताट ठेवून. जाड झाकणामुळं पिठाची वाफ आतच कोंडते, वरचं कवच लवकर सुकत नाही, आणि पाव फुगायला जागा मिळते. मावशीच्या ओल्या हाताचं आणि लेहीच्या झाकणाचं काम एकच, वरची बाजू थोडा वेळ ओली ठेवायची. हे मी मावशीला सांगितलं. “मंग हात फिरवायचा की, एवढं लोखंड कशाला?” असं ती म्हणाली.

पंचवीस मिनिटांत पाव होतो. झाकण काढल्यावर जो वास येतो त्यानं वाड्यातली दोन्ही नातवंडं न उठवता उठतात.

आठ

गरम पाव तोडायचा नाही, आतून लगदा होतो. दहा मिनिटं तरी थांबा. नातवंडं थांबत नाहीत. दोन पाव त्यांचे, दोन माझे चहाबरोबर, दोन डब्यात. भाकरी दोन, त्याही डब्यात, कोरड्यास वांग्याचं. मावशी पाव खात नाही. “पोटाला काई लागत नाई त्यानं, नुसतं फुगतंय.” गावात सायकलवर पाव-बटर-खारी येतं, ते ती आजाऱ्याला आणि पाहुण्याला घेते. तिच्या लेखी पाव हे औषध किंवा मान आहे, जेवण नाही.

दहा

परिपाठ झाला. चौथीला अपूर्णांक. मी फळ्यावर लिहिलं, ‘पाव’, आणि विचारलं, पाव म्हणजे किती?

“पाच रुपयाला एक, सर.”

वर्ग हसला. मग मी डब्यातली भाकर काढली. दोन तुकडे, अर्धा. पुन्हा दोन, पाव. तीन पाव एकत्र, पाऊण. एक पोरगी म्हणाली, “सर, पाव भाकर आणि पाव वेगळे कसे ओळखायचे?” मी म्हटलं, एक मोजायचा, दुसरा खायचा. भाजायचा तो पाव आपल्याकडं पोर्तुगिजांकडून आला, गोव्यातून. त्यांचा ‘पाँव’ म्हणजे ब्रेड. पायानं मळतात म्हणून पाव, ही नुसती ऐकीव गोष्ट. मोजायचा पाव मात्र आपला जुना, संस्कृत ‘पाद’ म्हणजे चौथा भाग, त्यातून आलेला. दोघांची गाठ मराठीत पडली आणि उच्चार एक झाला.

आमच्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ असायची. पंचवीस पावकं सव्वासहा, असं एका दमात. आता कॅल्क्युलेटर आहे, त्याबद्दल मी गळा काढणार नाही. पण भाकर मोडून दाखवल्यावर जो पोरगा कधीच हात वर करत नाही त्यानं पाऊण आणि पाव मिळून एक होतात हे बरोबर सांगितलं. मग ते तुकडे मागितले. दिले. डब्यात एकच भाकर उरली.

दीड

मुलांची खिचडी वाटून झाली की आमचे डबे उघडतात. अप-डाऊन करणाऱ्या सहकाऱ्यांच्या डब्यात पोळ्या असतात, पहाटे पाचला कुणीतरी उठून केलेल्या. पोळी दुपारी मऊ राहते. भाकर नाही. शिजलेलं पिष्ट थंड होताना पुन्हा आवळून बसतं, पाणी सोडतं, आणि भाकर चामड्यासारखी होते. म्हणून नोकरी लागली की भाकर सुटते. घरात तांदूळ-गहू आला म्हणून भाकर गेली असं आपण म्हणतो. माझ्या मते डबा आला म्हणून गेली. भाकर ही तव्यापासून ताटापर्यंत चार पावलांवर खायची वस्तू आहे, ती बसनं चाळीस किलोमीटर जायची नाही.

याला उत्तरं निघाली नाहीत असं नाही. सोलापूरकडच्या बायकांनी भाकर पातळ थापून पुरती वाळवली, कडक भाकरी. ती महिनाभर टिकते आणि पुण्या-मुंबईला पाकिटातून जाते. दुधात मळलेली दशमी प्रवासात दोन दिवस चालते. आमच्याकडचे धपाटे, ज्वारीत गहू-बेसन आणि वरून दही घातलेले, तेही डब्याचेच. आणि शिळी भाकर कुस्करून ताकात, वर कच्चं तेल, तिखट, कांदा, ही तर मला ताज्याहून आवडते. १९९५च्या युती सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर काढली तेव्हा मी कॉलेजात होतो. एसटी स्टँडवर तिची रांग लागायची. भाकर त्या दिवसांत एवढी राजकारणात फुगली, पण टपऱ्यांत लवकरच वडापाव दिसायला लागला. स्वस्त करता आली, टिकाऊ करता आली नाही.

एक सहकारी छत्रपती संभाजीनगरचा आहे. तो म्हणतो, आमच्याकडं पाव म्हणजे नान, खलियासोबत, तुघलकानं दौलताबादला राजधानी आणली तेव्हा फौजेसाठी सुरू झालेला, असं सांगतात. तो हे दर आठवड्याला सांगतो. आम्ही दर आठवड्याला त्याला खलिया आणायला सांगतो. अजून आणलेला नाही.

साडेपाच

शाळा सुटल्यावर गोकुळेश्वराकडून फेरी. चारठाण्यात जुनी देवळं इतकी, की नवखा माणूस मोजायचा नाद करतो आणि सोडून देतो. गोकुळेश्वराच्या देवळाजवळची पायऱ्यांची बारव आणि गावातला उंच मानस्तंभ पाहायला बाहेरून अभ्यासक येतात. गावाला त्यांचं काही वाटत नाही, शेळ्या तिथं सावलीला बसतात. मी बारवेच्या वरच्या पायरीवर बसतो. हेमाडपंती बांधकामात दगडांच्या मध्ये चुना नसतो. दगड दगडात अडकवलेला, वजनानं बसलेला. आज तिथं बसून वाटलं, गव्हात चुना आहे, ज्वारी हेमाडपंती आहे. तिला धरून ठेवायला मध्ये काही नाही, घडवणाऱ्याचा हात तेवढा नेमका हवा.

पलीकडच्या रानात ज्वारी काढणीला आलीय. पण पट्टा अरुंद. पूर्वी इथं नजर जाईल तिथं कणसं असायची असं मावशी सांगते. खरीप सोयाबीननं घेतला. सोयाबीन निघाल्यावर उरलेल्या ओलीवर हरभरा पेरतात, ज्वारी कुणी कुणी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेली रब्बी ज्वारी काळ्या रानात साठलेल्या ओलीवर येते. दाणा भरताना पाऊस नसतो, म्हणून दाणा पांढरा, टपोरा. खरिपाची पावसात सापडली की काळी पडते, भाकर कडसर लागते. कडब्यासाठी म्हणून तरी ज्वारी करायचे, आता बैलच कमी झाले. परभणीच्या कृषी विद्यापीठानं, जे १९७२मध्ये स्थापन झालं, ‘परभणी मोती’, ‘परभणी ज्योती’ अशी वाणं दिली. २०१८ला लोह आणि जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ आली. वाणं येत राहिली. काढणीला माणूस मिळत नाही, एवढ्या एका कारणापुढं ती काय करणार? ज्वारी उपटून, कणसं खुडून काढायची म्हणजे पुन्हा हातच. शहरात ती आता गव्हाहून महाग आहे आणि हॉटेलच्या पाटीवर ‘चुलीवरची भाकरी’ असं ठळक लिहिलेलं असतं.

पावणेसात

गिरणी. मावशीची पाच किलो ज्वारी मी नेतो, भाडेकरूचं हे एक न लिहिलेलं कलम आहे. रांगेत डबे. इथं नंबरापेक्षा ‘आधी काय दळलंय?’ याला महत्त्व. गव्हावर ज्वारी दळली तर पहिलं शेर-दोन शेर पीठ मिसळीचं येतं. डाळीवर तर नकोच. म्हणून लोक आपला नंबर सोडून ‘ज्वारीवर ज्वारी’ची वाट पाहतात. आज माझ्या आधी ज्वारीच होती, नशीब. मध्येच लाईट गेली, अर्धा तास. कुणी काही बोललं नाही, सगळ्यांनी मोबाईल काढले.

गरम पीठ डब्यात लगेच कोंबायचं नाही, वाफ धरतं. घरी नेऊन परातीत पसरायचं. पीठ पाच किलोच, कारण जास्त ठेवलं की विरी जाते. दाण्यातल्या अंकुराचं तेल पिठात मोकळं होतं, आठ-दहा दिवसांनी वास बदलतो आणि थापताना कडा धरत नाहीत. बाजारातलं पाकिटातलं पीठ कितीही पांढरं असो, दळल्याची तारीख पाहून घ्यावं.

पावणेआठ

माझी परीक्षा. गॅसवर, तीन भाकरी. पाणी बोललं. उंडा रगडला. आज भाकर चौथ्या-पाचव्या थापेला सरकली, जरा. मी हात थांबवून पाहिलं आणि त्यात वेळ गेला, कड फाटली. दुसरी फुगली, एका बाजूनं. तिसरीबद्दल काही लिहीत नाही. एकेका भाकरीला पाच मिनिटं लागली. दिवाळीत सात लागत होती. पिठलं, भाकर, कांदा. दुसरी भाकर मावशीला दाखवायला नेली. तिनं ती मधून मोडली, पदर बोटानं उचलून पाहिला आणि खाऊन टाकली. ‘मीठ लावून द्यायचं होतं’ एवढंच म्हणाली.

साडेनऊ

पातेलं, मैदा, आटा, अर्धा चमचा यीस्ट, मीठ. पाणी ओतायला तांब्या उचलला तर मावशी उंबऱ्यात. हातात वाटी, वाटीत आजच्या गिरणीतलं पीठ.

“ह्यात ही घालून बगा की.”

मी सांगितलं, ज्वारी यात फुगायची नाही, जाळी तोडेल. आट्यानंच पाव जड होतो, ही तर त्याच्याहून जड.

“सगळी नका घालू. पाव वाटी घाला.”

आणि जरा थांबून, अंगठा चोळत तिनं विचारलं, “ह्याला थापायचं काईच नसतंय ना?”

“काहीच नाही. रात्रभर आपलं आपण होतं.”

ती आत आली, माझ्या हातातला चमचा घेतला. पाव वाटी ज्वारी तिनं आधी वेगळ्या ताटलीत घेतली, गॅसवर पाणी ठेवलं आणि खळखळेपर्यंत उभी राहिली. ज्वारीची उकड काढून, ती निवल्यावर मग पिठात घालायची, हे मला सुचलं नसतं. डाव्या हातानं कालवताना तिला चमचा नीट धरता येत नव्हता. मी पातेलं धरलं. मिश्रण नेहमीपेक्षा घट्ट वाटलं म्हणून दोन पळ्या पाणी वाढवलं.

झाकण ठेवलं. मांजर फिरतं, म्हणून वर पाटा ठेवला. मावशीनं जाता जाता विचारलं, पाचला उघडता ना? मी म्हटलं, हो.

“उघडू नका मंग. मी येईपर्यंत ऱ्हाऊ द्या.”